सुभेदारांचा कट्टा

सांगलीतली आमची गल्ली उताराची होती. गटार शेवटच्या घराच्या अलीकडे ओढ्याकडे वळायचं. पावसाळ्यात मात्र पाणी रस्त्यावरून थेट त्या घरात शिरायचं. तिथं जतकडून आलेलं एक जोडपं घोंगड्या विणायचं. माग जमिनीतल्या खड्ड्यावर होता, विणकर खड्ड्यात पाय सोडून बसे. खड्डा भरला की माग बंद, आणि दोघांचं पोट मागावरच.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका दैनिकात बातमीदार होतो. नगरपालिकेनं गटाराला उतारच दिला नाही, असं गल्लीचं एकमत होतं. तशी बातमी मीच दिली होती. शेजारचे निवृत्त सुभेदार दर उन्हाळ्यात अर्ज करत. प्रत्येक घर आपल्या दारापुरतं गटार उपसून गाळ शेजाऱ्याच्या हद्दीत लोटत असे, हे अर्जात नसे.

निवडणुकीच्या तोंडावर नगरसेवक आले. सुभेदारांनी पुराव्यासाठी गवंडी बोलावून ठेवला होता. त्यानं पाणी भरलेली नळी धरून उतार तपासला. सुभेदारांच्या दारात वाकून तो बघतच राहिला.

"आवं सुभेदार, उतार झ्याक हाय. तुमच्या कट्ट्याचा पाया गटारात आलाय. त्याला गाळ थटतोय अन् पानी रस्त्यावर चढतंय."

विणकराची बायको पदर खोचून पुढं आली. "लय शूर की तुमी! दुश्मन सोडून पानी अडवलं व्हय?"

गल्ली हसली. नगरसेवक सगळ्यात मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "कट्टा राहू द्या. निवडून आलो की पाइप टाकून देतो."

फौजेतून परतल्यावर सुभेदारांनी तो कट्टा स्वतः बांधला होता. रोज संध्याकाळी त्यावर बसून ते गल्लीला पेपर वाचून दाखवत.

"तवर पानी हिच्याच घरात?" ते म्हणाले. "पहार आणा रं."

दिवस मावळायच्या आत कट्टा फुटला. पुढच्या आठवड्यात आणखी चार घरांनी गटारात उतरलेल्या आपल्या पायऱ्या काढल्या. गाळ प्रथमच हातगाडीतून बाहेर गेला. मी चार ओळींची दुरुस्ती छापली.

श्रावणात तीन दिवस झड लागली, तेव्हा शेवटच्या घरी गेलो. खड्डा कोरडा होता, माग चालू होता. दारात काळ्या घोंगडीवर बसून सुभेदार पेपर वाचत होते.

"जोरात वाचा की," आतून बाई ओरडली. "मागाच्या आवाजापुढं ऐकू येत न्हाई."