सहीशेजारचा रकाना

नारायण पेठेत, एका बाइंडरच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. तिथे नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी माझ्याकडे एक काम आलं: वेबसाइटवर कागदपत्रांची इलेक्ट्रॉनिक सही बसवायची. ग्राहक जुनाच होता, एक कंत्राटदार. शहरातल्या ऑफिसांना आणि दवाखान्यांना तो साफसफाईची माणसं पुरवतो. आमच्या ऑफिसात फरशी पुसायला येणाऱ्या मावशीही त्याच्याच. त्याच्या माणसांची हजेरी, रजा, बदल्या असं सगळं आम्ही बनवलेल्या वेबसाइटवर चालायचं. आता नेमणूकपत्रांवरच्या सह्याही त्याला तिथेच हव्या होत्या.

काम ऐकायला जड, पण समजायला सोपं आहे. आधी पत्राच्या मजकुरातून संगणक अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ काढतो. ही त्या मजकुराची ओळख. पत्रातला एक काना जरी बदलला तरी ती ओळ अख्खी बदलते. मग सही करणाऱ्याच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो टाकला की त्या ओळीवर शिक्का बसतो आणि पत्र बंद होतं. महिनाभर मी बनावट पत्रांवर माझ्याच सह्या करत होते. ‘मी याद्वारे मान्य करते की आज मंगळवार आहे’ असल्या मजकुराखाली माझ्या पुष्कळ कायदेशीर सह्या आजही कुठेतरी पडून असतील. खरं पत्र कंत्राटदाराच्या ऑफिसातून शेवटच्या दिवशी परस्पर चढवलं गेलं.

“सुरुवात तुमच्याच ऑफिसातून करू,” कंत्राटदार म्हणाला. त्यामुळे खऱ्या सहीसाठी पहिला नंबर लागला तो मावशींचा.

सकाळी त्यांचा सुपरवायझर टॅब घेऊन आला. पन्नाशीचा, शांत माणूस. मावशींनी ओढणीला हात पुसले, चष्मा लावला आणि मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला.

“नंबर येईल, तो सांगा,” सुपरवायझर म्हणाला.

मावशींनी तो नंबर एकेक आकडा सुटा करून, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला.

“मावशी, गॅस आला का?” पलीकडच्या टेबलावरून एकानं विचारलं.

“गॅसवाला निदान सिलिंडर ठेवून जातो,” मावशी म्हणाल्या. “हे काय ठेवून जाणार, त्यांना विचारा.”

सगळे हसले. सुपरवायझरनं तीन आकडे टाकले होते. मी उठून त्याच्या टॅबवर हात ठेवला.

“मावशी, पत्र वाचलंत?”

“वाचायचं काय त्यात, ताई,” सुपरवायझर म्हणाला. “सगळ्यांचं एकच आहे.”

“इंग्रजीत आहे,” मावशी म्हणाल्या. “मराठी असतं तर वाचलं असतं.”

मी खुर्ची ओढली आणि वाचत गेले. एक वाक्य इंग्रजीत, लगेच मराठीत. पगार तोच होता, सुट्ट्या त्याच. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की ही आपली आमच्याकडील पहिली नेमणूक असून यापूर्वीची आपली कोणतीही सेवा नाही. त्याच्याखाली होतं की व्यवस्थापन सांगेल त्या ठिकाणी आणि सांगेल त्या पाळीत काम करावं लागेल.

“पहिली?” मावशी म्हणाल्या. “मग आठ वर्षं इथं कोण येत होतं?”

कुणी हसलं नाही. सुपरवायझर खाली बघून म्हणाला, “फर्मचं नाव बदललंय, मावशी. नव्या नावावर सगळेच नवे.”

मावशींचं काय पणाला लागलं होतं हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या बिबवेवाडीत राहतात, आईबरोबर. आईला आता जवळजवळ दिसत नाही. दिवसभर भावजय तिच्याकडे बघते आणि चार वाजता एका केटररकडे पोळ्या लाटायला जाते. मावशी तीनला सुटतात, चारच्या आत घरी पोचतात. कंत्राटदाराकडे जुन्या बायकांना सकाळची पाळी आणि घराजवळचं ठिकाण द्यायची पद्धत होती. बायकांनी ती भांडून पाडून घेतली होती. नव्या बायका दुपारच्या पाळीला, हिंजवडीकडे. मावशी नव्या ठरल्या, तर संध्याकाळी चारनंतर त्या घरात एक न दिसणारी म्हातारी आणि पेटता गॅस एवढंच उरणार होतं.

एवढं वाचेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. टॅबवर लाल अक्षरं आली.

“शिळा झाला वाटतं नंबर,” मावशी म्हणाल्या. “उद्या या. मी विचार करते.” आणि बादली उचलून आत गेल्या.

जिन्यात सुपरवायझर थांबला. “ताई, तुम्हाला राग येतोय ते बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण माझीही सही त्याच पत्रावर झालीय. काल, कागदावर. मी तर वाचलंही नाही.”

मी तशीच आमच्या ऑफिसच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. हे आपण करायचं नाही, म्हणाले. जिची आठ वर्षं पुसायची, तिच्याच बोटांनी ती पुसून घ्यायची सोय आपण बांधली आहे. साहेबांनी चहा ढवळत ऐकून घेतलं.

“मजकूर कंत्राटदाराचा, सही मावशींची,” ते म्हणाले. “अहो मॅडम, आपण फक्त पेन विकतो. पेनवाला ग्राहकाचं पत्र वाचत बसत नाही.”

संध्याकाळी विश्रांतवाडीला घरी पोचेपर्यंत बसमध्ये मला त्या पेनाचाच संताप येत होता.

आमच्या घरी पत्रकं हे रोजचं अन्न होतं. पप्पा कारखान्यात होते, युनियनची पत्रकं तेच लिहायचे. वस्तीतल्या विहाराची, पाणीप्रश्नाची, फीवाढीची सुद्धा. शाळेत जाण्याआधी मी ‘बंधू-भगिनींनो’ वाचायला शिकले. गठ्ठे मोजून घड्या घालणं हा माझा आणि भावाचा खेळ होता. त्यामुळे त्या संध्याकाळी मी घरात शिरले ती पत्रकाच्या भाषेतच बोलत. मावशींनी सही करता कामा नये. मी त्यांना तसं सांगणार. नाकारायचंच. मीही राजीनामा तोंडावर फेकणार.

पप्पा भाजी निवडत होते. “तू फेक,” ते म्हणाले. “तुला दुसरीकडे नोकरी लागेल. तिला?”

“मग काय, गप सही करायची?”

“गप कोण म्हणतंय? तुझा साहेब पेन म्हणाला ना? अगं, पेनानं सहीच्या शेजारीही लिहिता येतं. आम्हाला मॅनेजमेंट असले कागद द्यायची तेव्हा नोकरी सोडून घरी बसायची ऐपत कुणाची होती? आम्ही सही करायचो आणि बाजूला लिहायचो, ‘हरकत कायम ठेवून’. खाली तारीख. ज्याला लिहिता येत नसे त्याच्यासाठी दुसरा लिहायचा.”

“त्यानं काय व्हायचं?”

“बऱ्याचदा काहीच नाही.” पप्पांनी मेथीची एक जुडी संपवून दुसरी घेतली. “पण ‘तुम्ही खुशीनं मान्य केलं होतं’ असं नंतर कोर्टात कुणाला म्हणता आलं नाही. तुझ्या त्या मशीनमध्ये बाजूला लिहायला जागा आहे का?”

जागा होती. हे मला ताटावर बसल्यावर आठवलं. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक सहीच्या पोटात एक छोटा रकाना असतो: सही करण्याचं कारण. कागदावर तो सहजी दिसत नाही, सहीवर क्लिक केलं की उघडतो. सहीची सेवा पुरवणाऱ्यांच्या नमुन्यात तिथे ‘मान्य’ असा शब्द कायमचा भरलेला होता. आमच्या वेबसाइटवरून सही करणारा प्रत्येक माणूस, त्याला न विचारता, त्या रकान्यात ‘मान्य’ म्हणून जात होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच मी तो शब्द काढला आणि सही करणाऱ्याला दिसेल असा एक चौकोन तिथे दिला: ‘सहीबरोबर काही लिहायचे असल्यास’. लिहिलेलं आधी पत्रात जाईल आणि मगच मजकुराची ओळ काढली जाईल, म्हणजे शिक्का त्या शब्दांवरही बसेल, अशी व्यवस्था केली. चोरून काही करायचं नव्हतं. साहेबांना आणि कंत्राटदाराच्या ऑफिसला मेल लिहून बदल सविस्तर कळवला आणि तो लागू करायला परवानगी मागितली. साहेबांचं उत्तर आलं, “ओके.” कंत्राटदाराच्या ऑफिसातून व्हॉट्सअॅपवर अंगठ्याचं चित्र आलं.

सुपरवायझर अकराला आला. मी मावशींना चौकोन दाखवला, पप्पांनी सांगितलेलं सांगितलं. सही करायची की नाही हे तुम्हीच ठरवा, असंही म्हणाले, म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. पुढं लगेच मी त्यांना काय लिहावं ते सांगू लागले. ‘श्रमिकांच्या न्याय्य हक्कांना बाधा न येता’ इथपर्यंत पोचले असेन.

“ताई,” मावशी म्हणाल्या, “तुमचं बोलणं छान असतं. पण ते माझं वाटणार नाही. सरका जरा.”

त्या माझ्या खुर्चीवर बसल्या. आठ वर्षांत पहिल्यांदाच बसल्या असाव्यात, कारण बसताना त्यांनी पदराने सीट झटकल्यासारखी ओढणीनं झटकली आणि मग स्वतःशीच हसल्या. एका बोटानं, अक्षरं शोधत शोधत त्यांनी लिहिलं:

‘मी इथे आठ वर्ष काम करते नवीन नाही पत्रात चुकीचे लिहिले आहे नोकरी पाहिजे म्हणून सही करते’

ओटीपी आला. सुपरवायझरनं सवयीनं हात पुढं केला. मावशींनी मोबाइल टेबलावर पालथा घातला, थोडा उचलून पाहिला आणि नंबर स्वतः टाकला. सुपरवायझर खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. कंत्राटदाराचा फोन येऊन गेला होता.

“ते वाक्य काढून टाका म्हणतात.”

मी पत्राची एक प्रत घेतली, त्यांच्यासमोर त्यातला ‘नवीन’ हा एकच शब्द खोडला आणि प्रत पुन्हा उघडली. सहीवर लाल पट्टी आली: सहीनंतर मजकूर बदललेला आहे, सही ग्राह्य नाही.

साहेबांनी चष्मा वर केला. “म्हणजे निघत नाही.”

“निघतं. पण मग सहीही जाते.”

“आणि हे आपण बनवलंय?”

“हो. मेल केला होता. तुमचं ओके आहे.”

“मेल वाचायला वेळ असता तर माणसं कशाला ठेवली असती?” ते म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. आठ वर्षं त्यांच्याही केबिनची फरशी मावशीच पुसत होत्या.

मग कंत्राटदार स्वतः आला. नवं पत्र, नवा टॅब. मावशींना त्यानं केबिनमध्ये बोलावलं, मीही आत गेले. कुणी नको म्हणालं नाही.

“मावशी, तुम्ही घरच्यासारख्या,” कंत्राटदार म्हणाला. “एकदा परत सही करा. ते खालचं तेवढं लिहू नका.”

“त्यात खोटं काय आहे ते दाखवा साहेब. मी लगेच खोडते.”

“खोटं असं नाही. पण ऑफिशियल पत्रात असं लिहीत नाहीत.”

“मग तुम्हीच वर ऑफिशियलमध्ये लिहा, आठ वर्षं म्हणून. मी खाली नुसती सही करते.”

कंत्राटदारानं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “मागणी तशी सोपी आहे. एक ओळ बदलायची. एवढं टायपिंग आम्ही फुकट करून देऊ.”

कंत्राटदारानं टॅब बंद केला. ती ओळ त्यानं बदलली नाही. मावशींची पाळीही बदलली नाही. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. मावशी अजून तीनला सुटतात.

चौकोन मात्र काढला गेला. कंत्राटदारानं तशी लेखी मागणी केली आणि साहेबांनी या वेळी मेल नीट वाचून ती मान्य केली. मी ते करणार नाही म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरच्यानं अर्ध्या तासात केलं आणि माझी बदली दुसऱ्या कामावर झाली. रकान्यात पुन्हा ‘मान्य’ भरला गेला. कंत्राटदाराच्या बाकीच्या बायका आता एकेक करून सह्या करत होत्या, आणि प्रत्येकीच्या नावानं तिथे तोच शब्द जात होता.

मावशींना हे सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतलं. “उद्या तीनला माझ्याबरोबर चला,” एवढंच म्हणाल्या.

आम्ही बिबवेवाडीला गेलो. कंत्राटदाराच्या गोदामाबाहेर, ओट्यावर, गणवेश आणि साबणाचे डबे घ्यायला आलेल्या दहा-बारा बायका बसल्या होत्या. मावशींनी त्यांना सांगितलं की नंबर कुणाला सांगायच्या आधी पत्र वाचून मागा.

एकीनं माझ्याकडे बघून विचारलं, “आता लिहायला जागाच नाही म्हणता, मग वाचून करायचं काय?”

 मावशी ओट्यावर तिच्याशेजारी बसल्या.

“आपल्या हातातनं काय जातंय, तेवढं तरी कळेल,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “वाचा, ताई. सावकाश वाचा. मला चारच्या आत घरी पोचायचंय, पण तुम्ही सावकाश वाचा.”

मी मोबाइलवर पत्र उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.