चार पौंड हवा

भाच्याने त्याच्या आईसाठी पाठवलेल्या गाडीच्या चारही चाकांत मी माझ्या स्कूटरएवढी हवा भरून घेतली.

कुणी सांगितलं नव्हतं. कळमन्याजवळच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात गाडी ताब्यात घेतली, तेव्हा चाकं मला जेवण करून भिंतीला टेकलेल्या माणसासारखी बसकी दिसली. शेजारच्या पंक्चरवाल्याला म्हटलं, "टाक पंचवीस-पंचवीस." तो चाकाकडे पाहत राहिला. "काका, ये टायर अलग दिखता है." मी तीस वर्षं नागपुरात स्कूटर चालवलेला माणूस. म्हटलं, "टायर टायर होता है." त्याने खांदे उडवले आणि हवा भरली. चाकं अशी टरारून फुगली की मला अभिमानच वाटला.

गाडी म्हणजे एटीव्ही. स्कूटरसारखं हँडल, चार जाडजूड चाकं, मधे एक लांब सीट. रस्त्यावर न्यायची नाही. शेतात, ढेकळांत, चिखलात चालवायची. ती बंगळुरूहून आली होती आणि तिच्यासोबत एक अटही आली होती.

माझी मोठी बहीण कळमेश्वरच्या पुढे स्वतःच्या संत्र्याच्या बागेत राहते. रोज सकाळी पूर्ण बाग पायी फिरायची आणि झाड न् झाड पाहायचं, असा तिचा नेम होता. गेल्या पावसाळ्यात गुडघ्यांनी जवाब दिला. डॉक्टरांनी उंचसखल जमिनीवर चालायला मनाई केली. घराजवळच्या ओळींपर्यंत ती काठी घेऊन कशीबशी जायची, पण नाल्याच्या धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे उंच बांधापलीकडच्या तुकड्यात तिने स्वतः डोळे बांधलेली कलमं होती, आणि ती तिने पावसाळ्यापासून पाहिली नव्हती. भाचा म्हणाला, "मामा, आठ दिवस तुम्ही बागेत राहा. गाडी शिका, आईला शिकवा. रविवारी मला सांगा, आई एकटी सुखरूप चालवू शकते की नाही. नसेल तर मी टेम्पो पाठवून गाडी परत नेतो. मग बाग ठेक्याने देऊ आणि आई मनीषनगरला तुमच्या खालचा फ्लॅट घेईल."

माझ्या खालच्या फ्लॅटला एक गॅलरी आहे. गॅलरीत दोन कुंड्या मावतात.

फेब्रुवारीची पहिली सकाळ मला अजून स्वप्नासारखी आठवते. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीचा फुलोरा, नुकताच फुटला होता. धुकं एवढं दाट की झाडं दिसायच्या आधी त्यांचा वास यायचा. गोड, किंचित कडसर, दुधात बुडवून काढल्यासारखा वास. पांढरी फुलं धुक्यातच मिसळून गेली होती. पायाखालची माती ओलसर होती आणि कुठे तरी पाटाचं पाणी स्वतःशीच बोलत चाललं होतं. गोठ्याजवळ उभी असलेली ती लाल गाडी त्या सगळ्यात एखाद्या पाहुण्यासारखी वाटत होती, चुकीच्या घरी आलेली, पण आता आलीच आहे तर चहा पिऊन जाईल अशी.

अक्काने नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली चार लिंबं ठेवली. मग वाकून तिने पुढचं चाक अंगठ्याने दाबलं. संत्रं उतरायला आलं की नाही, हे ती तसंच पाहते, जरासं दाबून.

"काहून गा, हे इतकं टणक काहून आहे?"

"नवीन आहे वं अक्का."

"नवीन माल नरम राह्यते. हे कच्चं वाटून राहिलं मले."

"ते टायर आहे. संत्रं नाही."

मी तिला म्हटलं, "बस मागं, एक चक्कर मारू. डबल सीट." सीट लांब होती, ती रिकामी सोडणं माझ्या नागपुरी मनाला पटेना. अक्का मागे बसलीही. तेवढ्यात तिचा सालदार, म्हणजे बागेत वर्षानुवर्षं राबणारा म्हातारा, मडगार्डवरच्या एका चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "भाऊ, इथं दोघं बसले आहेत अन् दोघांवर काट मारली आहे." ते चित्र मी सकाळीच पाहिलं होतं आणि भांडकुदळ नवरा-बायकोंसाठी काही सूचना असेल असं समजलो होतो. सीट लांब असते ती चालवणाऱ्याने मागे-पुढे, डावी-उजवीकडे सरकावं म्हणून, हे मला नंतर कळलं. अक्का खाली उतरली आणि भाच्याने पाठवलेलं हेल्मेट माझ्या हातात देत म्हणाली, "एकटाच जा. पण आधी हे डोक्यात घाल, त्याशिवाय चाबी भेटत नाही." मी मफलरवरून हेल्मेट चढवलं आणि निघालो.

एटीव्हीला स्कूटरसारखी मूठ पिळायची नसते, अंगठ्याने एक खुंटी दाबायची असते. मी खुंटी दाबली आणि चारही लिंबं फटाफट फुटली.

मग मी ओळींमधून चाललो होतो. तेवढा वेळ तरी मी या जगात नव्हतो. दोन्ही बाजूंनी फुलांनी लगडलेल्या फांद्या धुक्यातून येत होत्या आणि मागे जात होत्या. पाकळ्या हेल्मेटच्या काचेवर चिकटत होत्या. मला वाटलं, आपण कुठे जात नाही आहोत, बागच आपल्याजवळून हळूहळू वाहते आहे. आयुष्यभर ऑफिसच्या टेबलामागे बसून मी ज्या मोकळ्या सकाळची वाट पाहिली, ती बहुतेक हीच होती. गाडी तेवढी दर ढेकळावर चेंडूसारखी उसळत होती. मी ते घोड्यावरच्या ऐटीत धरलं.

नाल्याच्या धुऱ्याशी वळण होतं. वेग कमी करायचा विचार माझ्या मनात आला होता, पण तो विचार फार सुंदर सकाळी आला. चाक एका दगडावरून उसळलं, गाडी डावीकडे कलली, आणि तीस वर्षांच्या सवयीने मी डावा पाय जमिनीला टेकवला. स्कूटर कलली की पाय टेकवायचा, हे नागपूरकर चालायच्या आधी शिकतो. स्कूटरवरून टेकवलेल्या पायामागे चाक नसतं. इथे होतं. मागचं चाक माझ्या बुटावर चढलं, बूट मातीत रुतला, गाडी धुऱ्यावर एका बाजूने वर गेली, क्षणभर थांबली आणि तिने मला एका झाडाच्या आळ्यात, पाण्यात, हळूच ठेवून दिलं. स्वतः शेजारी आडवी झाली.

मी चिखलात उताणा पडून होतो. वरून फुलं गळत होती. कुठेही दुखत नव्हतं, निदान अजून तरी नाही. इतकं शांत मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. खरं सांगतो, उठायची इच्छाच होत नव्हती. आडव्या पडलेल्या गाडीचं मागचं चाक माझ्या हातभर अंतरावर गरगर फिरत होतं आणि मला ते मोटेच्या चाकासारखं छान वाटत होतं. सालदार धावत आला, हँडलवरचं लाल बटन दाबून त्याने इंजिन बंद केलं आणि मला म्हणाला, "भाऊ, झोपाले घरी खाट आहे ना."

पायाच्या एका बोटाचं नख काळं झालं. तेवढंच झालं असतं तरी चाललं असतं. खरी चूक मी संध्याकाळी केली.

भाच्याचा फोन आला. "कशी वाटली गाडी, मामा?" अक्का समोर कपबशी घेऊन बसली होती. मी म्हणायला हवं होतं की मी पडलो. मी म्हणालो, "गाडीत दम नाही रे. डगमगते. उसळते. वळणावर अंगावर येते." माझ्यासारख्या मुरलेल्या माणसाला जी पाडते ती गाडी काय कामाची, असा सूर मी लावला. मग तो म्हणाला, "तुम्हालाच झेपत नाही तर आईला कशी झेपेल? मग रविवारी टेम्पो पाठवतोच."

अक्काने ऐकलं. बशीतला चहा तिने तसाच ठेवला आणि खिडकीतून नाल्याकडे पाहत राहिली. तिकडे आता काही दिसत नव्हतं. माझ्या जिभेवर "अक्का, चूक माझी" आलं होतं, पण पायाचं नख ठणकत होतं आणि दोन दुखणी एकदम सोसायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शरमेने गाडीचं पुस्तक उघडलं. गाडीसोबत आलेलं, प्लास्टिकातच असलेलं. बाहेर ऊन मऊ पडलं होतं, मधमाश्यांची गुणगुण सगळ्या बागेवर पसरली होती, आणि त्या गुंगीत मी वाचत गेलो. बसण्यापूर्वी ब्रेक पाहा. तेल पाहा. साखळीचा ताण पाहा. इंजिनची हवा गाळणारी जाळी धुळीने भरली असेल तर साफ करा. दोन्ही पाय नेहमी पायदानावर ठेवा, कधीही खाली टेकवू नका. वळणाआधी वेग कमी करा आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा. धुऱ्यावर चढताना पुढे वाका. आणि मग चाकांचं पान. हवा: चार पौंड.

मी ते तीनदा वाचलं. चारच्या आधी किंवा नंतर एखादा आकडा छापायचा राहिला असेल अशी मला आशा होती. मग उठून मडगार्डाशी गेलो. तिथेही चिकटवलेल्या पट्टीवर तेच लिहिलं होतं, आणि खाली: जास्त हवा भरल्यास गाडी उसळून उलटू शकते. काट मारलेल्या चित्राच्या अगदी शेजारी.

अवजारांच्या पिशवीत पेन्सिलसारखं काही तरी होतं. मी त्याला ताप मोजायची नळी समजलो होतो. ते कमी हवा मोजायचं मीटर निघालं. मी अक्काला हाक मारली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कळमना, पंक्चरवाला, पंचवीस, पाय टेकवणं, फोन.

तिने मीटर हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "म्हणजे मी म्हणत होती ते टणकच होतं."

"हो."

"अन् तू मले संत्रं शिकवून राहिला होता."

आम्ही चारही चाकांतली हवा सोडली. फुस्स्... असा लांब आवाज, माझ्या अभिमानाचाच. मीटर चारवर आलं, तेव्हा चाकं पुन्हा बसकी झाली. अक्काने अंगठ्याने दाबून पाहिलं. "हां. आता उतराले आली."

पुढचे दिवस माझ्या आठवणीत एकमेकांत विरघळून गेले आहेत. रोज सकाळी धुकं, चहा, आणि गाडीभोवती अक्काची एक संथ प्रदक्षिणा. आजारी झाडाकडे पाहावं तसं ती प्रत्येक चाकाशी थांबे, ब्रेक दाबून पाही, साखळीला बोट लावी. हवेची जाळी उघडून झटकायचं काम तिने मला दिलं होतं. आधी ती गोठ्यासमोर सरळ चालायला शिकली, मग थांबायला, मग वळायला. वळताना ती अंग असं सहज झुकवी की जणू बाजूला बसलेल्या शेजारणीशी काही कुजबुजते आहे. मी मागून पुस्तक वाचून दाखवत चालायचो. ती म्हणायची, "तू वाच. चालवू नको."

शनिवारी सकाळी ती धुऱ्यावरून एकटी गेली. हेल्मेट, फुलबाह्यांचं जाड जॅकेट, पायात सालदाराचे गमबूट. चढाशी तिने वेग कमी केला, पुढे वाकली, आणि धुक्यात लाल रंग हळूहळू फिका होत गेला. मग फक्त आवाज राहिला. मग तोही थांबला. सालदार माझ्याकडे बघत होता, जणू मीच पुन्हा पडणार होतो.

बऱ्याच वेळाने पलीकडून तिचा आवाज आला. "फुटलीत गा! एक सोडून सगळी कलमं फुटलीत!"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी ऐकला असेल कदाचित, ती परकरातली होती आणि मी तिच्या मागे धावत होतो, तेव्हा.

ती परत आली तेव्हा खांद्यावर पाकळ्या होत्या. गाडी उभी केली, लाल बटन दाबलं, हातब्रेक लावला, चाबी काढली. सगळं क्रमाने. मग मीच भाच्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि कबूल केलं. गाडी चांगली आहे, हवा मी भरली होती, पाय मी टेकवला होता, खोटं मी बोललो होतो. आई तुझी माझ्यापेक्षा दसपट बरी चालवते.

तो म्हणाला, "पण मामा, मी टेम्पोवाल्याला सांगून बसलो. तो उद्या सकाळी निघून राहिला."

अक्का हेल्मेट काढून फोनकडे वाकली.

"येऊ दे त्याले. गाडी इथंच राहते, तुह्या मामाले घेऊन जा म्हणा."