पराग सरांच्या आंघोळी

मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कात उर्मिला शिगवण नावाची बाई राहते. गरीब गाय समजाल तर फसाल. बोलते कमी, आणि विसरत तर काहीच नाही. सोसायट्यांच्या लिफ्ट सांभाळणाऱ्या एका कंपनीत नोकरी, तीही घरूनच. जवळच्या नवघर भागात कुणाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, की फोन वाजतो तो हिच्या जेवायच्या टेबलावर. मेकॅनिक धाडायचा, दुरुस्तीचं कोटेशन बनवायचं, सगळं तिथूनच. पण तिचे साहेब, पराग सर, यांनी एक नियम काढलेला: त्यांनी कॅमेऱ्यावर बघून मान डोलावल्याशिवाय एकही कोटेशन बाहेर जायचं नाही.

गेल्या डिसेंबरात उर्मिलाने रजा काढली. मावसबहिणीचं, मिनलचं लग्न होतं, गुहागरच्या पलीकडच्या गावी.

"जा ना, एन्जॉय करा," पराग सर म्हणाले. "फक्त लॅपटॉप सोबत न्या. रेंज आली की तिथेच आपलं ऑफिस!"

आता गंमत ऐका. त्या गावात घरात जेमतेम फोनवर बोलता येतं. चेहरा दाखवायचा, फाइल पाठवायची, तर एकच जागा: टेकाडावरचं स्मशान. पत्र्याची शेड, सिमेंटची बाकं, समोर खाडी. आणि मिनलची आई सुलूमावशी, हिचा कायदा असा की मसणात पाय ठेवलेल्याने मागच्या दारी, विहिरीच्या पाण्याने, डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. लग्नघरात तर नाहीच नाही.

झालं! फोन आला की टेकाड, टेकाडावरून उतरली की विहीर. केस पुसतेय तोवर पुन्हा फोन. "उर्मिला मॅडम, एक छोटंसं राहिलं." मिनलला हळद लागली तेव्हा ही शेडखाली, बायका बांगड्या भरत होत्या तेव्हा ही विहिरीवर. ओल्या केसांनी कॅमेऱ्यापुढे बसली, तर पराग सर अख्ख्या टीमसमोर म्हणाले, "वा वा! स्विमिंग पूलची मजा चाललीय! आम्ही इथे मरतोय."

सगळे हसले. उर्मिलाही हसली. ते हसू तिच्या नवऱ्याने, ईश्वरने, बाजूला उभं राहून पाहिलं आणि मनात म्हणाला, गेला हा माणूस कामातून.

परत आल्या आल्या तिने शिमग्याच्या रजेचा अर्ज टाकला. पालखी दारात येते, तेवढे दिवस तरी लॅपटॉप मिरा रोडलाच ठेवून जायचं होतं तिला. पराग सर अर्जावर बसून राहिले. "बघू, बघू."

जानेवारीत त्यांनाच हवापालटाची हुक्की आली. "उर्मिला, एखादी शांत जागा सांगा ना. पण रेंज हवी हं."

"आहे ना सर. माझ्या मावशीकडे पाहुण्यांना खोल्या देतात. कामाला बसायची जागा वेगळी. वर छप्पर, खाडीचा वारा. आणि शेजार इतका शांत, की विचारूच नका."

एक शब्द खोटा नव्हता, बघा.

सर बायकोमुलांसकट पोचले. पहिला दिवस उर्मिलाने काही त्रास दिला नाही, मासे खाऊ दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. "सर, नवघरच्या सोसायटीचं कोटेशन. तुमच्याशिवाय जात नाही ना!"

सर विचारत विचारत टेकाडावर गेले, बसले, कॅमेरा लावला. टीममधला अमोल म्हणाला, "सर, मागे शेकोटी केली होती का?"

सरांनी वळून पाहिलं. त्यानंतर त्यांनी जी मान डोलावली, तशी भराभर कधी डोलावली नव्हती.

घरी आले तर मागच्या दारी सुलूमावशी बादली घेऊन उभी. "पावनं, तितंच थांबा. आदी आंगोल."

"गरम पाणी नाही का?"

"गरम पानी सकालचं. ह्या आंगोलीला विहिरीचंच."

आता सगळी कोटेशनं एकदम दाखवता आली असती. पण उर्मिला एकेकच काढायची. आधी मावशीला फोन. "मावशी, झाली का गो त्यांची आंघोळ?"

"झाली. केस पुसतायत."

लगेच दुसरा फोन. "सर, एक छोटंसं राहिलं."

दुपारी सर कुडकुडत, निथळत्या केसांनी कॅमेऱ्यापुढे आले. सगळी टीम हजर होती. उर्मिला गोड आवाजात म्हणाली, "वा सर! स्विमिंग पूलची मजा चाललीय!"

संध्याकाळी सरांचाच फोन आला. आवाज नाकातून. "उर्मिला, यापुढे कोटेशनं तुम्हीच बघा. मला विचारू नका."

"चालेल सर. तसं मेल करा सगळ्यांना. आणि माझी शिमग्याची रजा, लॅपटॉपशिवायची, ती पडून आहे. तेवढी मंजूर केलीत की मी फोनच करणार नाही."

"आल्यावर करतो ना."

"आजच करा की सर. रेंज आहे, माहितीय ना कुठे?"

पलीकडून नुसती एक शिंक ऐकू आली.

दिवेलागणीला मेल आला. रजा मंजूर, लॅपटॉप नेण्याची गरज नाही, आणि यापुढे कोटेशनं उर्मिलाच बघणार. उर्मिलाने तो ईश्वरला मोठ्याने वाचून दाखवला, मग मावशीला फोन लावला.

"मावशी, साहेब टेकाडावरून निघालेत गो. बादली भरून ठेव."