संकासुराचा नारळ

दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या तासाला मॅडमनी एका कुटुंबाबद्दल सांगितलं. अमेरिकेत गुलामगिरी होती तेव्हा ते एका नदीच्या काठावर राहायचं. नदीच्या एका बाजूला माणसं विकत घेता यायची, दुसऱ्या बाजूला नाही. नवरा काळा, बायको गोरी. दोघांच्याही नातेवाइकांनी त्यांच्याकडे येणं-जाणं टाकलेलं. त्यामुळे त्यांच्या दारात यायचे ते पळून आलेले गुलाम, आणि हे दोघं त्यांना पार नेऊन सोडायचे.

कुणाला काही विचारायचंय का, असं मॅडम म्हणाल्या. मी हात वर केला आणि अर्ध्यावरूनच खाली घेतला. पण त्यांनी पाहिलं होतं. मग उभी राहून विचारलं, त्यांचं घर पाण्यापासून किती लांब होतं? वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, ते मला नाही माहीत, पण तू हेच का विचारलंस? आमचं पण घर काठावर आहे, एवढं बोलून मी खाली बसले.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, बोलायला जमत नसेल तर लिहून काढ. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एवढं लांब काही मी परीक्षेबाहेर लिहिलेलं नाही. आणि आमचं तेवढं मोठंही काही नाही. एकच कुटुंब, एकच दुपार. पण लिहिते.

खाडी ओलांडायच्या होडीला आमच्याकडे तर म्हणतात. बाबा तर चालवतात. वर पूल झाला, तरी वळसा नको असलेली माणसं अजून तरीनेच जातात. बाबा बौद्धवाडीतले, आई खारवीवाड्यातली. आई मासळीची पाटी घेऊन रोज तरीने पलीकडे जायची, आणि बाबा सांगतात त्याप्रमाणे एक दिवस ती परतीच्या तरीतून उतरलीच नाही. आई म्हणते, उतरले होते, पाटी विसरले म्हणून परत चढले. काही असो, लग्न झालं आणि दोन्ही वाड्यांनी पाठ फिरवली. मग बाबांनी धक्क्याजवळच्या मोकळ्या तुकड्यावर घर बांधलं. ते या वाडीतही नाही आणि त्या वाडीतही नाही. लोक त्याला तरीवरचं घर म्हणतात.

पुढे बाबांच्या माणसांचा राग हळूहळू निवळला. आईच्या बाजूने फक्त मामा यायचा, तोही आधी चोरून आणि मग उघड. पण शिमग्याची पालखी आमच्या दारात कधीच आली नाही. ती खारवीवाड्यातून निघून आमच्या कुंपणावरून पुढे जायची. आई ओटीवर उभी राहून बघायची, आणि पालखी गेली की म्हणायची, चला, भांडी पडलीत. बाबांना त्या देवांशी काही देणंघेणं नव्हतं. तरी त्या दिवशी भांडी तेच घासायचे.

आमच्या वर सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. तिथे चिऱ्यांची खाण आहे. आई खाणीवर मासळी घेऊन जायची, सुट्टी असली की मीही. तिथे कर्नाटकातून आलेली माणसं झोपड्यांत राहत होती. त्यांतलं एक जोडपं, आणि त्यांची पाचेक वर्षांची मुलगी. बाई आईकडून बांगडे घ्यायची. आईला त्यांच्या भाषेतले माशापुरते शब्द येत होते, तिला मराठीतले तेवढेच. तेवढ्यावर त्या दोघी बराच वेळ बोलायच्या.

एकदा खाली उतरताना आईने मला विचारलं, "ती तिघं एकत्र कधी दिसली का गो तुला?"

मला आठवेना. मग लक्षात आलं ते असं. नवरा बाजारात गेला की बायको आणि मुलगी खाणीवर. बायको दवाखान्यात गेली की मुलगी मुकादमाच्या खोलीसमोर बसलेली. त्यांना आणताना मुकादमाने उचल दिली होती, ती फिटली नाही असं तो म्हणायचा, आणि ती कधी फिटणारच नव्हती. फोन त्याने काढून घेतलेले. कुलूप कुठेच नव्हतं, साखळी नव्हती. तिघांतलं एक माणूस कायम मागे ठेवायचं, एवढंच. त्या बाईची आई गावी आजारी होती आणि तिला जायचं होतं. हे सगळं कळलं ते नवऱ्याच्या बाजारापुरत्या मराठीतून.

बाबा तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या एक मॅडम चांगल्या निघाल्या. ही वेठबिगारी आहे, कायद्याने गुन्हा आहे, मी येते, असं त्या म्हणाल्या. पण त्यांना अनुभव होता. जीप सड्यावर चढताना दिसली की मुकादम तिघांतल्या एकाला टेम्पोत घालून दुसऱ्या खाणीवर पाठवणार, आणि मग उरलेले दोघं तोंड उघडणार नाहीत. तिघं एका वेळी माझ्यासमोर आणा, त्यांनी सांगितलं, मग पुढचं मी बघते. खाडीपलीकडे, राजापूरकडचा रस्ता लागतो तिथे, त्या थांबायला तयार होत्या.

तिघांना एका वेळी कसं आणायचं, याचा आमच्या घरात आठवडाभर विचार झाला. बाबांनी सुचवलेलं सगळं होडीतून होतं, पण खाण वर सड्यावर. शेवटी मामा बोलला. मामा पालखीबरोबर सोंगं घेऊन नाचणाऱ्या खेळ्यांमध्ये संकासूर व्हायचा. आमच्याकडचा संकासूर म्हणजे काळा अंगरखा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, चेहरा झाकणारा काळा मुखवटा आणि त्याला पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात दोरी. तो बोलत नाही. पोरं त्याला चिडवतात आणि तो त्यांच्या मागे धावतो. खाणीच्या मालकाला यंत्रांवर देवाची नजर हवी असायची, म्हणून पालखी दरवर्षी सड्यावर जायची आणि खाणीतली सगळी माणसं बघायला बाहेर यायची.

"वर्षातून तेवढाच दिवस," मामा म्हणाला, "माणसाचं तोंड दिसलं नाय तरी कोण इचारीत नाय."

बाबांनी विचारलं, हे तुमच्या देवाला चालेल का?

"देवाला चालेल. ढोलवाल्या आजोबांचं सांगू शकत नाय."

ढोलवाले आजोबा खेळ्यांतले सगळ्यात जुने. खरं म्हणजे आईच्या लग्नाला सगळ्यात जास्त विरोधही त्यांचाच होता. त्यांना सांगायचं नाही असं ठरलं. त्या नवऱ्याला मात्र तो बाजाराला खाली आला तेव्हा बाबांनी सगळा बेत समजावला.

त्या दुपारी आई आणि मी पाट्या घेऊन आधीच वर गेलो. भरती चढलेली होती, पण बाबांनी बजावून ठेवलं होतं की ओहोटी लागली की धक्क्याजवळ चिखल होतो आणि होडी रुतते, तेव्हा उशीर करू नका. हे त्यांनी आईकडे बघून सांगितलं. आई म्हणाली, माझ्याकडं काय बघताव?

पालखी आली. ढोल, गुलाल, गर्दी. मध्ये मामा पाणी प्यायला म्हणून झोपड्यांमागे गेला, आणि थोड्या वेळाने संकासूर परत आला. मी बघत होते म्हणून मला कळलं. अंगरखा घोट्यांच्या बराच वर आला होता, कारण त्या मुलीचा बाप मामापेक्षा उंच. पाय जांभ्याच्या धुळीने लालभडक. पण सड्यावर चालून सगळ्यांचेच पाय लाल झाले होते. मामा इकडे त्याची लुंगी नेसून, तोंडावर टॉवेल टाकून झोपडीच्या सावलीत आडवा झाला.

मग जे ठरलं नव्हतं ते झालं. मुकादमाने संकासुराला पुढे बोलावलं आणि म्हणाला, नाच दाखव. आमचा संकासूर दोन्ही पायांवर उड्या मारत नाचतो. या माणसाला ते कुठून माहीत असणार? तो क्षणभर उभा राहिला. मग त्याने एक पाय पुढे टाकला, गिरकी घेतली आणि खाली वाकून उठला. ते त्याच्या गावचं काहीतरी होतं. ढोल एकीकडे आणि पाय दुसरीकडे. ढोलवाल्या आजोबांनी मान वर केली. त्याच्या पायांकडे पाहिलं, मुखवट्याकडे पाहिलं, मग झोपडीच्या सावलीत झोपलेल्या माणसाकडे पाहिलं. आजोबांनी पुन्हा मान खाली घातली आणि ठेका बदलला. त्या पायांना बसेल असा, संथ आणि जड. मुकादमाने टाळ्या वाजवल्या. यंदाचा संकासूर भारी आहे, असं तो शेजारच्याला सांगत होता.

आई त्या बाईला घेऊन आधीच निघाली होती. वर येताना आई आणि मी होतो, खाली जाताना आई आणि माझी ओढणी डोक्यावर घेतलेली ती, पाटीसकट. मुलगी माझ्याकडे. मी तिला पोरांच्या घोळक्यात घेतलं आणि पोरांना म्हटलं, चिडवा रे त्याला. पोरांना एवढं पुरे होतं. संकासूर दोरी फिरवत मागे लागला आणि आम्ही सगळे किंचाळत सड्यावरून खाली पळालो. ती मुलगी सगळ्यांत मोठ्याने किंचाळत होती. मुखवट्यात कोण आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती खरोखरच घाबरली होती आणि आपल्याच बापापासून जिवाच्या आकांताने धावत होती. कुणीही आमच्याकडे वळून बघितलं नाही, कारण शिमग्यात पोरं अशीच पळतात.

धक्क्यावर बाबा होडी धरून उभे होते. पाणी उतरायला लागलं होतं. धक्क्याची वाट आमच्या अंगणातूनच जाते. संकासूर घुंगरं वाजवत अंगणात शिरला, आणि आई, जी त्या बाईला होडीत बसवून वर आली होती, ती थबकली. मग घरात गेली.

बाबांना वाटलं, काही सामान राहिलं असेल. आई बाहेर आली ती ताटात नारळ, हळद-कुंकू आणि पेटवलेलं निरांजन घेऊन.

"अगो, पाणी चाललं," बाबा म्हणाले. "आणि देव नाय तो, पळून चाललाय बिचारा."

"तोंडावर मुखवटा हाय तोवर संकासूरच. आपल्या दारात आलाय. रिकाम्या हातानं घालवू?"

आईने त्याला पाटावर उभं केलं. त्याच्या लाल पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. तो मुखवट्यातून आईकडे बघत होता. त्याला काय वाटत असेल कोण जाणे. चाललेलं काय आहे हे त्याला कळत नव्हतं, पण आपण हललो तर चुकेल एवढं कळत होतं. आईने नारळ त्याच्या हातात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. तेव्हा त्यानेही हात जोडायचा प्रयत्न केला आणि नारळ पडता पडता राहिला.

पुढची अडचण धक्क्यावर. मुलगी तिच्या आईशेजारी होडीत बसली होती. संकासूर होडीकडे येतोय असं दिसल्यावर तिने बाहेर उडी मारली आणि माझ्या पायाला मिठी घातली. काही केल्या चढेना. मुखवटा काढावा, तर वरच्या वाटेवर माणसं उभी होती. होडीखाली चिखल दिसायला लागला. बाबा दात-ओठ खात लांब काठीने होडी ढकलून धरत होते.

तेव्हा तो गुडघ्यांवर बसला. आमच्याकडचा संकासूर बोलत नाही. हा बोलला, अगदी हळू, मुखवट्याच्या आतून.

"कूसा, नाने."

मला त्यांची भाषा येत नाही. पण बाळा, मीच आहे, याखेरीज ते दुसरं काय असणार? मुलीची मिठी सैल झाली. ती पुढे गेली, तिने पांढरी दाढी दोन्ही हातांनी बाजूला केली आणि आत वाकून पाहिलं. मग एकदम हसायला लागली. हसतच ती त्याच्या कडेवर बसून होडीत चढली.

मी आणि बाबांनी होडी चिखलातून लोटली. माझे कपडे कमरेपर्यंत भरले. आई काठावर राहिली, रिकामं ताट हातात घेऊन. मधल्या पाण्यात पोचल्यावर त्याने मुखवटा काढला. चेहरा घामाने निथळत होता. बायकोने माझ्या ओढणीने तो पुसला, आणि मला बघून लाजली. मी म्हटलं, राहू दे, ती तुझीच.

पलीकडे कचेरीतल्या मॅडम जीपजवळ उभ्या होत्या. तिघं एकदम उतरले. मुलीच्या हातात नारळ होता आणि तो ती कुणालाही देत नव्हती. मॅडमनी विचारलं, हा कुठला? तिचा बाप मराठीत म्हणाला, "मला मिळाला." एवढंच. पण छाती काढून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीची माणसं खाणीवर गेली. बाकीच्यांनाही फोन परत मिळाले. काही गावी गेले, काही नीट मजुरीवर तिथेच राहिले. मामाचं म्हणाल तर, संध्याकाळी मुकादमाने पायाने ढोसून उठवलं तेव्हा त्याने तोंडावरचा टॉवेल काढला, जांभई दिली आणि विचारलं, "पालखी गेली काय?" तो खरंच झोपला होता असं आईचं म्हणणं आहे.

पण त्या दिवशी परत येताना होडीत बाबा आणि मी दोघंच होतो. मुखवटा आणि टोपी समोरच्या फळीवर. पाणी लागू नये म्हणून बाबांनी आपला कोरडा टॉवेल त्यांच्याखाली घातला होता. काठावर ढोल ऐकू येत होता. पालखी सड्यावरून उतरून आमच्या कुंपणापाशी आली होती आणि पुढे जात नव्हती. संकासुराशिवाय जाणार कशी? ढोलवाले आजोबा आमच्या अंगणात, आईने ठेवलेल्या पाटाशेजारी बसून वाजवत होते आणि आई आतून चहा घेऊन येत होती.

बाबांनी तिकडे पाहिलं. मग फळीवरच्या मुखवट्याकडे बघून मला म्हणाले, "इतकी वर्षं आपल्या दारात आला नाय. आणि आज बघ कसा बसलाय. भाडं पण नाय दिलं."