दुधी काचेपलीकडचा सासरा

आमच्या फ्लॅटमध्ये सूर्य बाथरूममध्ये उगवतो. पुंडलिकनगरात दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. त्यातली पूर्वेची एकमेव खिडकी बिल्डरनं अंघोळ करणाऱ्याला देऊन टाकली आणि स्वयंपाकघराच्या वाट्याला शेजारच्या इमारतीची भिंत आली. ओट्यामागच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर त्या भिंतीचे पोपडे हाताला लागतात. भर दुपारीसुद्धा लाइट लावल्याशिवाय आम्हाला भेंडी आणि मिरची यांतला फरक जीभ लावूनच कळायचा.

बाथरूमला उजेड होता, पण जागा नव्हती. चार-आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी साठवायला आत निळा ड्रम ठेवलेला. दार आत उघडणारं. त्यामुळे आधी दार ढकलायचं, मग पोट आत ओढायचं, मग स्वतः आत शिरायचं आणि पोट सोडायच्या आधी दार लावायचं, असा क्रम होता. (पाहुण्यांना तो शिकवावा लागायचा.) टॉवेलसाठी खिळा ठोकायलाही भिंत शिल्लक नव्हती. टॉवेल बाहेर खुर्चीवर ठेवायचा आणि अंघोळ उरकली की आतून हाक मारायची.

तसं आमचं चाललं होतं. पण गेल्या वर्षी अश्विनीला, म्हणजे आमच्या मुलीला, बघायला जालन्याचे लोक आले. त्याच वेळी लाइट गेली आणि माझ्या बायकोनं, मंगलनं, अंदाजानं चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. एकाही पाहुण्यानं तक्रार केली नाही. सगळ्यांनी एकेक घोट घेतला, कप खाली ठेवले, नमस्कार केला आणि निघाले. पुन्हा फोनही नाही. अश्विनी त्या दिवशी गालातल्या गालात का हसत होती, ते मला सहा महिन्यांनी कळलं. तिच्याच बँकेतल्या वैजापूरच्या नितीनशी तिचं आधीच ठरलेलं होतं.

मुलगा चांगला, घर शेतीवाडीचं, वडील हसतमुख. फक्त आईची एक अट होती. फोनवरच त्यांनी सांगितलं, "पोरगी चांगलीच असंल. पन घर डोळ्यानं बघितल्याबिगर मी हो म्हननार नाय. चूल बघितली की मला मानसं कळतेत."

झालं! मंगलनं त्याच दिवशी जाहीर केलं, "अहो, आधी उजेड करा, मग पाहुणे बोलवा. पोरीनं स्वतः निवडलेलं स्थळ आहे. हे जर मोडलं ना, तर मी त्या अंधारातच तोंड लपवून बसेन."  अश्विनी रोज माझ्या ताटात न मागता एक जादा पोळी वाढायला लागली, तेव्हा माझ्यावर किती भिस्त आहे ते मला उमगलं.

मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. तीस वर्षं नववीला प्रकाश शिकवला. बाथरूममध्ये उजेड जास्त, स्वयंपाकघरात कमी, मध्ये एक भिंत. उत्तर सरळ होतं. भिंतीचा छातीच्या वरचा भाग काढायचा आणि तिथं दुधी काच बसवायची. उजेड पलीकडे येईल, अब्रू अलीकडेच राहील. शिवाय ड्रम गॅलरीत हलवून बाथरूममध्ये शॉवर लावायचा. मंगलला शंका होती.

"दिसायचं नाही ना काही?"

"मंगल, मी विज्ञान शिकवलंय."

"म्हणूनच विचारलं."

काच बसवायला सिटी चौकातला एक मिस्तरी आला. दुधी काचेची एक बाजू गुळगुळीत असते, एक खरखरीत. त्यानं विचारलं, "काका, चिकनी साइड किधर लेऊं?"

मी क्षणभरही विचार केला नाही. "किचन में. फोडणी उडली तर पुसायला सोपं."

"हौ," म्हणाला आणि बसवून गेला.

मग मी रीतसर चाचणी घेतली. अश्विनीला बाथरूममध्ये उभं केलं, हात हलवायला सांगितले आणि आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहिलो. नुसता ढग दिसत होता. कोण आहे हे तर सोडाच, माणूस आहे की टांगलेला रेनकोट, तेही कळेना. स्वयंपाकघरात मात्र लख्ख उजेड. इतका, की मंगलनं पहिल्यांदा आपले डबे नीट पाहिले आणि सगळे पुन्हा घासायला काढले. मी बाथरूमच्या दाराला स्वतःच्या हातानं नवी कडी लावली आणि वैजापूरला फोन केला.

पाहुणे रविवारी अकराला येणार होते. त्या सकाळी मायलेकींनी नेहमीसारखी अर्ध्या बादलीत अंघोळ आटोपली. आणि दहा वाजता नळाला पाणी आलं, तेही भरपूर जोरात. शॉवर बसवल्यापासून तो कोरडाच लटकत होता. व्याह्यांपुढे स्वच्छ होऊन बसावं, या विचारानं मी त्याचं उद्घाटन करायला आत गेलो.

शॉवरचं तोंड थोडं वाकडं बसलं होतं. पाणी निम्मं माझ्यावर, निम्मं काचेवर. मी डोक्याला भरपूर साबण लावला, डोळे मिटले आणि पाहुण्यांपुढे काय बोलायचं त्याची तालीम सुरू केली. "आमची पोरगी ती आता तुमचीच," असं म्हणताना एक हात छातीवर ठेवायचा, दुसरा पुढे करायचा, मान जरा झुकवायची. नळाला हे मी तीनदा करून दाखवलं.

बाहेर काय घडत होतं ते मला नंतर अश्विनीनं सांगितलं. रस्ता मोकळा मिळाल्यामुळे पाहुणे पाऊण तास आधीच पोचले. मुलाचे वडील हॉलमध्ये बसले आणि मुलाची आई तडक चूल बघायला आत आल्या. मंगल अभिमानानं म्हणाली, "बघा ना, आता किती उजेड आहे," आणि तिनं काचेकडे हात केला. त्या हाताच्या दिशेनं सगळ्यांनी पाहिलं.

दुधी काचेची खरखरीत बाजू ओली झाली की तिच्यातून आरपार दिसतं. हे मला माहीत होतं! कागदावर तेलाचा थेंब टाकून त्यातून उजेड कसा जातो, तो प्रयोग मी तीस वर्षं दर पावसाळ्यात करून दाखवला होता. फक्त त्या तीस वर्षांत मी स्वतः कधी कागदाच्या मागे अंघोळ केली नव्हती.

मी डोळ्यांवरचा साबण धुतला आणि डोळे उघडले. समोर हातभर अंतरावर डोक्यावर पदर घेतलेल्या, हिरव्या लुगड्यातल्या एक बाई उभ्या होत्या. शेजारी मंगल, मागे अश्विनी. इतक्या वर्षांत पालक दारात दिसले की हात आपोआप जोडायची सवय लागलेली. मी हात जोडले. "या, या! प्रवास कसा झाला?"

त्या माउलीनंही सवयीनं हात जोडले. "बरा झाला."

मग दोघांनाही एकदमच कळलं. त्यांनी पदर तोंडावर ओढला. माझ्याकडे ओढायला काहीच नव्हतं, म्हणून मी मटकन खाली बसलो.

वास्तविक काच छातीच्या वर होती आणि अब्रू छातीच्या खाली शाबूत होती. पण हा हिशोब त्या घडीला कुणाला सुचणार? पलीकडून माणूस एकाएकी नाहीसा झालेला पाहून मंगल किंचाळली, "पडले! हे पडले!" मी लाजेनं गप्प राहिलो. ते गप्प राहणं पाहून तिची खात्रीच झाली.

मुलाचे वडील हॉलमधून धावत आले. "काय झालं ओ?"

"आत पडलेत. बोलत नाहीत."

"सरका बाजूला." या गृहस्थांनी जन्मभर कांद्याची पोती उचललेली. एका धक्क्यात माझी नवी कडी स्क्रूसकट उडाली. दार आत चार बोटं आलं आणि माझ्या पाठीवर आपटून थांबलं. पाठ दाराला, पाय समोरच्या भिंतीला. बाथरूम इतकं लहान बांधल्याबद्दल त्या क्षणी मी बिल्डरला मनापासून आशीर्वाद दिले.

"सर, जिते हाव का?"

"हो."

"लागलं का कुठं?"

"नाही."

"मंग उठत का नाय?"

"टॉवेल बाहेर आहे," मी म्हणालो.

 बाहेरून मला अश्विनीचा हुंदका ऐकू आला. पोरीनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी शॉवरखाली वाहून घालवली, असं मला खरोखर वाटलं. मीठ परवडलं असतं.

मग दाराच्या फटीतून एक हात आत आला. हातात मुलाच्या वडिलांच्या खांद्यावरचा पांढरा टॉवेल होता. "घ्या, सर."

मी घेतला. आणि बाहेरून मुलाच्या आईचा आवाज आला, "आवो, तुमी तर आहेर करून बसले की! आता कशाचं बघनं न् काय. टावेल त्यांनी घेतला. टोपी लग्नात देऊ."

आमच्याकडे सोयऱ्याला मानाची टॉवेल-टोपी देतात. त्यातला टॉवेल सोयरिकीच्या आधीच मला पोचला होता. अश्विनीचा हुंदका पुन्हा ऐकू आला आणि तेव्हा मला कळलं की तो पहिल्यापासून हसण्याचाच होता. मला इतकं हलकं वाटलं की मी आणखी थोडा वेळ तिथंच बसून राहिलो.

नंतर चहा झाला, साखर घालून. निघताना विहीणबाई मंगलला म्हणाल्या, "मानूस सरळ हाय तुमचा. अंघुळीत बी पाव्हन्याचा परवास इचारतो."

त्याच आठवड्यात मी मिस्तरीला बोलावून काच उलटी करून घेतली. त्यानं कारण विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फोडणीचे डाग आता खरखरीत बाजूवर बसतात आणि ते घासायचं काम माझ्याकडे आलं आहे.

लग्न वैजापूरला थाटात झालं. आमच्याकडच्या एकूणएक पाहुण्यांना टॉवेल-टोपी मिळाली. माझ्या हातात व्याह्यांनी नुसती टोपी ठेवली आणि भर मांडवात माइकवर सांगितलं, "सरांचा टावेल मागंच पोच झालेला हाय." वऱ्हाड पोट धरून हसलं. मी मुकाट्यानं टोपी डोक्यावर घातली. व्याह्यांच्या टॉवेलनं बाकीचं आधीच झाकलं होतं; झाकायचं माझं तेवढं डोकंच शिल्लक राहिलं होतं.