विमानतळाच्या स्टेशनावरून

कोलकात्याच्या विमानतळाखाली मेट्रोचं स्टेशन आहे, तिथे माझी ड्युटी. इथे प्रत्येकाला घाई, त्यामुळे माणसं आपली गोष्ट अर्धवट सांगून निघून जातात. उरलेलं आमच्याकडे साठत राहतं. आम्ही म्हणजे तिघे: तिकीट खिडकीवरच्या मितालीदी, अनाउन्समेंट करणारे हालदारबाबू आणि मी, बदलीवर आलेला साताऱ्याचा माणूस.

मेट्रो नवी होती तेव्हाची गोष्ट. बागबाजारचं एक कुटुंब गाडीतून उतरलं. आजोबांपासून नातवंडांपर्यंत अकरा जण, इस्त्रीचे कपडे, हातात एकही बॅग नाही.

मी विचारलं, "कोणाला सोडायला आलात?"

"कोणालाच नाही," आजोबा म्हणाले. "एवढी वर्षं ऐकतोय, मेट्रो येणार, मेट्रो येणार. खरंच येते का, ते बघायला आलो."

आणि पुढच्याच गाडीने सगळे परत गेले.

एकदा एक गृहस्थ धापा टाकत खिडकीशी आले. मितालीदींनी विचारलं, "कुठलं तिकीट?"

"बंगळूर. विंडो सीट."

"दादा, ही मेट्रो आहे. विमान वरती."

गृहस्थ वर गेले आणि पंधरा मिनिटांनी परत आले. फ्लाइट चार तास लेट होती.

"तुमची गाडी कुठपर्यंत जाते?"

"नोआपाडा. इथून तिसरं स्टेशन."

"तेवढं तरी द्या."

माझी आई पहिल्यांदा इकडे आली, तेव्हा मी मुलीला घेऊन तिला घ्यायला विमानतळावर गेलो. मुलगी वाढली कोलकात्यात. बंगालीत पाणीसुद्धा खातात, तेच तिच्या मराठीत उतरलंय. आजीला बाकावर बसवून तिने प्रेमाने बाटली पुढे केली. "आजी, पाणी खाशील?"

आईने बाटलीकडे पाहिलं. "आधी तू चावून दाखव, मग खाते."

मागच्या हिवाळ्यातली एक दुपार. पन्नाशीचे एक गृहस्थ गाडीतून उतरून थेट माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, पायात घरातल्या चपला, हातात चष्म्याचं घर. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून मराठीतच बोलले.

"मी देशपांडे, बेहाल्याला राहतो, बँकेत आहे. बसने एस्प्लनेडला, तिथून मेट्रोने, नोआपाड्याला गाडी बदलून आलो. बायको आधीच्या गाडीने आलीय. नागपूरला चाललीय, परत न येण्यासाठी. चष्मा घरीच विसरला. त्याच्याशिवाय तिला बोर्डावरचा गेट नंबरही दिसायचा नाही. फोन माझा घेत नाही."

"थांबवायचंय का त्यांना?"

"नाही हो. चष्मा द्यायचाय."

हालदारबाबूंनी बंगालीत, हिंदीत, इंग्रजीत पुकारा केला. कोणी आलं नाही. मग मी माइक घेतला. "देशपांडे वहिनी, तुमचा चष्मा स्टेशनवर आलाय. घेऊन जा."

पाचेक मिनिटांनी बाहेरच्या भुयारी वाटेने एक बाई बॅग ओढत आल्या. त्यांनी घर उघडलं, चष्मा लावला आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"चार दिवस दाढी केली नाहीत?"

"नाही."

"जेवलात?"

देशपांडेंनी त्यांची बॅग बाकाशी नेऊन ठेवली.

दोघे बाकावर बसले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. एक गाडी गेली, दुसरीही गेली. मग वहिनी उठून खिडकीशी गेल्या.

"एक एस्प्लनेड," त्या म्हणाल्या.

मितालीदींनी बाकाकडे पाहून विचारलं, "एकच?"

"ह्यांच्याकडे कार्ड आहे."