तिसरी हाक

आमच्या आळीतली सखू मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. वसतिगृह ख्रिस्ती सिस्टर चालवतात. संध्याकाळी त्या मुलींना गोष्टी सांगतात आणि सखू भाकऱ्या थापता थापता ऐकते. मग तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी आळीतल्या पोरांना.

पोरांची आवडती गोष्ट नावाड्या राजाची. समुद्रातला राक्षस गावाकडे एक जीव मागतो. सगळ्यांच्या बदली राजा स्वतः जातो. राक्षस त्याच्या तळहातांतून साखळी ओवून त्याला तळाशी नेतो, आणि तिसऱ्या दिवशी राजा पाण्यावरून चालत परत येतो. सिस्टरांच्या गोष्टीत एक मित्र त्याच्या जखमेत बोट घालून खात्री करून घेतो आणि गावात आनंदीआनंद होतो. सखूच्या गोष्टीत गाव दारं लावून घेतं आणि राजा बाहेर हाका मारत राहतो.

सिस्टर तिला म्हणाल्या, "अगं, तो राजा म्हणजे आमचा येशूच, नाव तेवढं वेगळं. त्याला बाहेर का ठेवतेस?"

"तुमचा देव मोठा, सिस्टर. पण आमच्यात तिसऱ्या दिवशी राख सावडतात. त्या दिवशी दारात येतो तो घरचा नसतो."

मला सखूचंच पटायचं. भूत दोनच हाका मारतं, म्हणून आपल्याकडे तीन हाका झाल्याशिवाय ओ देत नाहीत, ते काय उगाच?

गेल्या वर्षी तिचा नवरा भागोजी जाळं ओढताना समुद्रात पडला. मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर खलाशी होता. दोन दिवस शोधलं, सापडला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी तिला पेज घेऊन गेले. बाप्ये सगळे बंदरावर होते. वारा पडलेला, माडाची झावळी हलत नव्हती. पायरीखालचा कुत्रा उठला आणि मागे न बघता निघून गेला.

"सखू."

भागोजीचाच आवाज. मी ओ देणार तोच सखूने माझ्या तोंडावर हात दाबला.

"सखू." तसाच, अगदी दाराला तोंड लावल्यासारखा.

मी मनात गावदेव भैरीचं नाव घेतलं. बराच वेळ गेला. मग तिसरी हाक आली, फाटकी, लांबून.

"गो, तिसरी झाली," मी म्हटलं.

सखू दाराकडे गेली नाही. तिने खिडकी वीतभर उघडली. "अहो, हात दाखवा."

गजांमधून हात आत आला. तळहात दोराने चिरला होता. सखूने डोळे मिटले आणि जखमेत बोट घातलं.

"मेलो गो! मिठाने आधीच आग होतेय, नि वर बोट खुपसतेस?"

"मेलेल्याला दुखत नाय," ती म्हणाली आणि धावत जाऊन तिने दार उघडलं.

गुहागरकडच्या एका बोटीने त्याला उचललं होतं. "फोन तरी करायचा!" मी म्हटलं. "माझा फोन तळाला," तो म्हणाला. "नि नंबर कुणाचा पाठ असतो, वहिनी?"

पेज पिता पिता त्याला सखूने विचारलं, "पहिल्या दोन हाकांना मी ओ दिली नाय, रागावलात?"

"कसल्या दोन?" भागोजी म्हणाला. "रस्त्यावरून एकदाच हाक मारली. दुसरीला दम कुठे होता?"

सखूने माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे. दार सताड उघडंच होतं.

आता सखूच्या गोष्टीतही मित्र जखमेत बोट घालतो आणि राजाला घरात घेतो. पण त्याआधी, ती पोरांना बजावते, हाका नीट मोजायच्या.